फुफ्फुसावर ‘व्रण’ की फुफ्फुसात ‘वण’?

प्रश्न असा आहे: ‘अमुक जनुकामुळे फुफ्फुसावर व्रण पडतात’ असं एका आरोग्यविषयक लेखात वाचलं, इथे ‘व्रण’ योग्य आहे का?

मी ‘वण’ लिहीन. संस्कृत ‘व्रण’चाच प्राकृतातून ‘वण’ झाला, पण मराठीने दोघांची कामं वाटून दिली. व्रण चिघळतो, वाहतो, भरून येतो. वण म्हणजे जखम भरल्यावर जे उरतं ते. देवी येऊन गेलेल्यांच्या चेहऱ्यावर राहायचे ते वण. (‘वळ’ आणखी वेगळा, तो उठतो आणि उतरतो.) ‘देवीचे व्रण’ही लिहिलं जातं, आणि त्याला आधार नाही असं नाही. सुश्रुताने व्रणाची व्युत्पत्ती सांगतानाच म्हटलंय की तो भरला तरी त्याची खूण देह असेतो जात नाही. त्या खुणेला त्याचा शब्द ‘व्रणवस्तु’. किती नेमका! तरीही आज फुफ्फुसात व्रण आहे असं ऐकलं की घरचे विचारणार, कधी भरेल? फायब्रोसिसमध्ये, म्हणजे फुफ्फुसात वण साठत जाण्याच्या आजारात, तर भरून येण्याची क्रियाच थांबायचं विसरलेली असते. म्हणून वण. आणि तो ‘फुफ्फुसावर’ नाही, ‘फुफ्फुसात’, कारण वायुकोशांमधल्या नाजूक भिंतीच जाड आणि ताठर होतात.

मला त्याहून खटकतं ते ‘जनुकामुळे’. जनुक बहुतेक सगळ्या पेशींत असतं, पण त्याचं काम पेशीगणिक बदलतं. टीजीएफ-बीटा या प्रथिनाचंच पाहा. त्याचा संदेश फायब्रोब्लास्ट या जोडऊती बनवणाऱ्या पेशीला मिळाला की ती आकसणारी होते आणि कोलॅजेन या चिवट, तंतुमय प्रथिनाचे थर घालत सुटते. वायुकोशाच्या अस्तरातल्या पेशीला तोच संदेश वाढ थांबवायला सांगतो, म्हणजे डागडुजी करणारीच हात आखडते. २०११मध्ये एमयूसी५बी या जनुकाजवळचा एक बदल फुफ्फुसाच्या या आजाराशी जोडला गेला. ते जनुक लहान श्वासनलिकांच्या अस्तरात कफातलं प्रथिन बनवतं, कोलॅजेन नव्हे. वण घालणाऱ्या पेशी निराळ्याच.

तेव्हा वाक्यात पेशीचं नाव यायलाच हवं. मी असं लिहीन: ‘या जनुकाजवळच्या बदलामुळे श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींत कफातलं प्रथिन जास्त बनतं, आणि अशा माणसांच्या फुफ्फुसात वण धरण्याचा धोका वाढतो.’