भिंतीवरचा कोड

"यजमान कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यातून मे महिन्यात रिटायर होतायत. फंडाची सगळी रक्कम तासगावच्या दिरांना द्राक्षबागेचं कर्ज फेडायला द्यायची म्हणतात. लग्नाला ३१ वर्षं झाली. बायको म्हणून निम्म्या फंडावर माझा हक्क लागतो ना? मी २० वर्षं घरी ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकं यांच्याच नावाच्या कोडवर पैसे टाकतात, एका घरात दोन खाती कशाला."
– एक वाचक, कुपवाड

ताई,

नाही लागत. ते हयात आहेत तोवर फंड त्यांचा एकट्याचा. लग्नानंतर जमलेलं निम्मं-निम्मं, असा कायदा आपल्याकडे नाही. गोव्यात आहे, पोर्तुगीजांच्या काळापासून. आंबोलीचा घाट चढून अलीकडे आलात की संपला. यजमानांच्या माघारी तुम्ही वारस आहात खऱ्या, पण पैसा बागेत जिरल्यावर वाटा कशातला मागणार? पेन्शनच्या फॉर्मवर मात्र पत्नी म्हणून तुमचं नाव आणि दोघांचा एकत्र फोटो लागतो, तो स्वतः बघून घ्या. त्यांच्या माघारी येणारी पेन्शन तुमची, ती दिरांना देता येत नाही.

फंडाचं एवढंच. मी अडकलेय ती तुमच्या शेवटच्या ओळीत.

बाई येते, ब्लाउज उलटा करून शिलाई बघते, हुक लावून बघते, मोबाइल भिंतीकडे धरते, आणि स्क्रीनवर नाव उमटतं यजमानांचं. २० वर्षं मान मोडून शिवलंत तुम्ही! महिन्याला चार हजार धरले तरी वर्षाचे ४८ हजार होतात. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १४ सांगतं, बाईने अंगच्या हुन्नराने, कष्टाने मिळवलेलं तिच्या पूर्ण मालकीचं. जे नक्की तुमचं, ते तुम्ही आपल्या हाताने त्यांच्या खात्यात ओतलंत. आता त्यातला कुठला रुपया शिलाईचा आणि कुठला पगाराचा, हे दाखवणार कसं? यजमानांचा राग नाही आला मला. आपल्या कमाईचं काय करायचं, हे त्यांनी ठरवलं तरी. राग तुमचा आला.

सोमवारी आधार, पॅन घेऊन बँकेत जा आणि एकटीच्या नावाने खातं उघडा. जॉइंट नको, दोघांपैकी कुणीही सही करायची मुभा असलेल्या खात्यातून सगळी रक्कम एकटा माणूस काढू शकतो. यजमानांना विचारायचं नाही, भांडायचंही नाही. रात्री जेवताना सांगायचं, खातं उघडलं म्हणून. ते गप्प बसतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. बसू द्या.

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त लागतील, कामाला उसंत मिळणार नाही. त्याआधी नवा कोड यायला हवा. जुना खरवडून काढा, रंगाचा पोपडा निघाला तरी चालेल. नवा मशीनच्या समोर लावा, बसल्या जागेवरून स्वतःचं नाव वाचता येईल असा.