घरी पडदे शिवायचे तर कापड नक्की किती घ्यायचं?

तुमचा प्रश्न असा: हॉलची खिडकी सहा फूट रुंद, चार फूट उंच. बाल्कनीचं दार पाच फूट रुंद, सात फूट उंच. दोन्हीकडे रिंगांचे पडदे हवेत, म्हणजे कापडातच बसवलेल्या रिंगांतून रॉड जातो तसे. दुकानदार म्हणतो वीस मीटर लागेल, तुमच्या आई म्हणतात बारा पुरे. ऐकायचं कुणाचं?

आधी आकडा सांगते. साधं सुती कापड आणि ४८ इंच पन्हा (म्हणजे कापडाची रुंदी) असेल तर खिडकीला ८ मीटर, दाराला ११, म्हणजे एकूण १९. दुकानदार काही लुटत नाहीये. पण कापड बदललं की आईंचा अंदाजही बराच जवळ येतो, तो कसा ते पुढे येईलच.

लांबी गुणिले रुंदी करून क्षेत्रफळ काढू नका. तुमची खिडकी २४ चौरस फूट, दार ३५. त्या हिशेबाने साडेचार मीटरमध्ये सगळं झालं पाहिजे, आणि तेवढं कापड घेऊन आलात तर दारापुरतासुद्धा पडदा होणार नाही. पडद्याचं कापड तुकड्यांत मोजायचं. पन्ह्याएवढा रुंद आणि वरपासून खालपर्यंत लांब, असा एक उभा तुकडा. असे तुकडे किती आणि प्रत्येक किती लांब, एवढे दोनच प्रश्न.

किती तुकडे हे खिडकीवरून नाही, रॉडवरून ठरतं. म्हणून रॉड आधी लावून घ्या, निदान भिंतीवर पेन्सिलने खुणा तरी करा. खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच रॉड पुढे गेला तर पडदे सरकवल्यावर काच मोकळी राहते. तुमचा रॉड मग ७२ अधिक १२, म्हणजे ८४ इंच. एका बाजूला कपाट असेल तर तेवढी जागा मिळत नाही. मिळेल तेवढी धरा.

आता घोळ, म्हणजे चुण्या पडाव्यात म्हणून रॉडच्या किती पट रुंद कापड घ्यायचं ते. रिंगांच्या पडद्याला सुती कापडात रॉडच्या दुप्पट घोळ छान दिसतो. पारदर्शक, झिरझिरीत कापडाला अडीचपट लागतो, नाहीतर ते ओढणी वाळत घातल्यासारखं दिसतं. जाड जॅकार्डला (विणीतच नक्षी असलेल्या कापडाला) दीडपट पुरतो, त्याहून जास्त घेतलं तर पडदा बाजूला करताना गठ्ठा होतो. ८४ ची दुप्पट १६८. ४८ च्या पन्ह्यातून दोन्ही बाजूंची दुमड गेली की हातात ४५ इंच उरतात. १६८ भागिले ४५ म्हणजे पावणेचारच्या आसपास, तेव्हा चार तुकडे. दाराचा रॉड ७२, दुप्पट १४४, भागिले ४५ म्हणजे तीनाला थोडंसं जास्त. इथे लोक अडतात. तीनच घेतले तरी घोळ १.८७ पट पडतो आणि तो वाईट नाही. पण मधून दोन्हीकडे उघडणारा पडदा हवा असेल तर तिसरा तुकडा उभा चिरून अर्धा-अर्धा जोडावा लागतो. तो जोड मला डोळ्यांना खुपतो, म्हणून मी चार घेईन. पडदा एकाच बाजूला सरकणार असेल तर खुशाल तीन घ्या, जवळपास तीन मीटर वाचतील.

लांबीचं गणित रॉडपासून सुरू होतं. रॉड चौकटीच्या सहा इंच वर (वर एसी असेल तर जेवढं जमेल तेवढं), आणि खिडकीचा पडदा कट्ट्याखाली आठ इंच. ४८ अधिक १४, झाले ६२. रिंगांच्या पडद्यात कापड रॉडच्याही दीडेक इंच वर उभं राहतं, ते विसरू नका. वरच्या दुमडीला पाच इंच, कारण तिच्या आत रिंगांची पट्टी बसते. खालच्या दुमडीला पाच. खालची दुमड बारीक ठेवून कापड वाचवायचा मोह होतो, पण तिच्या वजनानेच पडदा सरळ पडतो. सगळं धरून तुकडा ७४ इंच. दाराला तेच गणित: ८४ अधिक वरचे सहा, फरशीपासून अर्धा इंच वर (लादी पुसताना ओला होऊ नये म्हणून), अधिक वरचं दीड, अधिक दुमडींचे दहा. १०१ इंच.

खिडकी ४ × ७४ = २९६ इंच. दार ४ × १०१ = ४०४ इंच. मीटर काढायला ३९.४ ने भागा: साडेसात आणि सव्वादहा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, शंभरात तीन ते पाच इंच सहज, हातमागाचं त्याहून जास्तही. पाच टक्के चढवले की ८ आणि ११ येतात. कापड आणल्यावर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. पॉलिस्टर आटत नाही म्हटलं तरी चालेल.

आता आईंचं बघू. जाड पॉलिस्टर जॅकार्ड घेतलंत तर खिडकीला तीन तुकडे पुरतात (घोळ १.६ पट), दारालाही तीन, आणि आटण्याची भर नाही. २२२ अधिक ३०३, म्हणजे ५२५ इंच, १३.३ मीटर, घेताना साडेतेरा. बारापेक्षा दीडच मीटर जास्त. खालची दुमड अडीच इंचांची केली तर त्यातलंही थोडं सुटेल, फक्त मी तसं करणार नाही.

आणि दुकानदाराचे वीस? त्याने तुम्हाला मोठ्या फुलांचं कापड दाखवलं असेल तर ते वीस जवळपास बरोबर आहेत. डिझाइन ठरावीक अंतराने परत येतं. शेजारशेजारच्या पडद्यांवर फुलं एका उंचीवर यायला हवी असतील तर प्रत्येक तुकडा त्या अंतराच्या पूर्ण पटीत कापावा लागतो. एका फुलाच्या टोकापासून खाली तेच फूल पुन्हा येईपर्यंत टेपने मोजा. समजा २५ इंच आलं. खिडकीचा ७४ चा तुकडा ७५ मध्ये बसतो, नुकसान काहीच नाही. पण दाराचा १०१ चा तुकडा १०० मध्ये मावत नाही, एका इंचासाठी १२५ वर जातो. चार तुकड्यांत ९६ इंच, जवळपास अडीच मीटर कापड जास्तीचं. एकूण ८०० इंच, म्हणजे २०.३ मीटर. अशा वेळी खालची दुमड इंचभर कमी करून १०० वर आणा, की पावणेतेरा मीटरऐवजी दाराला जेमतेम सव्वादहाच लागतात. दुमडीत हात आखडू नका म्हणणारी मी इथे मात्र इंच सोडून देते. तरीही जास्तीचं कापड घ्यावंच लागलं, तर २४ इंचांच्या त्या पट्ट्यांतून सोळा इंची उश्यांचे अभ्रे निघतात.

दुकानात गेल्यावर पन्हा विचारू नका, मोजा, तोही किनार सोडून. आपल्याकडे ४८ बरंच दिसतं, ५४ ही मिळतं, हातमागाचं सुती पुष्कळदा याहून अरुंद असतं. ५४ मिळालं तर दुमडी जाऊन ५१ उरतात आणि दाराला तीन तुकड्यांत पूर्ण दुप्पट घोळ बसतो. सगळं कापड एकाच ताग्यातून कापून घ्या. दुसऱ्या ताग्याचा रंग दुकानाच्या दिव्याखाली सारखा वाटतो, खिडकीत उन्हात टांगला की फरक कळतो. मुंबईत मंगलदास मार्केटला जाणार असाल तर हे विशेष लक्षात ठेवा, "कमी पडलं तर परत येऊ" म्हणून निघालात आणि तो तागा संपला तर हळहळत बसाल.

रिंगा प्रत्येक पडद्याला सम संख्येत. ४५ इंचांवर आठ, मध्ये सहा-सहा इंच अंतर, दोन्ही कडांना दीड-दीड इंच. विषम झाल्या तर पडद्याची एक कड भिंतीकडे आणि दुसरी खोलीकडे वळते. तुमच्या आठ पडद्यांना चौसष्ट लागतील, दोन-चार जास्त घ्या. अस्तर लावणार असाल तर त्याचेही तेवढेच तुकडे, लांबीला मात्र दोन इंच कमी.