जर्मनीची ड्राय सिल्व्हानर वाइन मिळाली आहे, तिच्यासोबत जेवायला काय ठेवावं?

बाटलीवर ‘फ्रांकेन’ (जर्मनीतला एक वाइन-प्रदेश) आणि ‘ट्रॉकन’ (ड्राय, म्हणजे गोड नसलेली) लिहिलेलं असेल तर डोळे झाकून पांढरा अ‍ॅस्पॅरॅगस करा. तिकडे त्याचा हंगाम २४ जूनला संपतो आणि तोवर ही जोडी घरोघरी चालते. शेंड्याच्या जरा खालपासून बुडापर्यंत साल नीट काढा. राहिली तर दोरे दाताखाली येतात. बुडाचे २ सेंमी कापून टाका. मीठ, चिमूटभर साखर आणि थोडं लोणी घातलेल्या पाण्यात १२-१५ मिनिटं उकळा. वर वितळलेलं लोणी, बाजूला उकडलेले बटाटे आणि हॅम. बस्स.

ही जोडी जमते, कारण सिल्व्हानर द्राक्षाच्या वाइनची आंबट धार रीसलिंग या दुसऱ्या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनपेक्षा सौम्य असते. ओकच्या पिंपात मुरवलेली वाइन घेतलीत तर अ‍ॅस्पॅरॅगस कडवट, धातूसारखा लागतो. व्हिनेगरचं ड्रेसिंगही नको, वाइन पुचाट वाटते.

लोण्यात परतलेला ट्राउट मासाही छान. झणझणीत रश्शाबरोबर मात्र नको: गोडवा नसल्यानं तिखट आणखी झोंबतं. तिथे ‘फाइनहेर्ब’ लिहिलेली, किंचित गोडसर बाटली बरी.

बाटलीवर ‘श्पेटलेझे’ वाचून वाइन गोड समजू नका. तो शब्द द्राक्षांच्या पक्वतेबद्दल आहे. ‘ट्रॉकन’मध्ये साखर लिटरला ४ ग्रॅमपर्यंत, आंबटपणा पुरेसा असेल तर ९ पर्यंत चालते.

फ्रिजमधून काढून १५ मिनिटं थांबा, १० अंशांच्या आसपास प्या. फार गार असली की वासच येत नाही.