जंगलवाढीच्या सिम्युलेशनमध्ये शेवटी एकच जात का उरते? पॅरामीटर कुठून ठरवायला घ्यावेत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: एक हेक्टर जंगल, चार जाती, दरवर्षी एक पायरी, वाढीचं समीकरण जाबोवा (JABOWA) या एकेक झाड वाढवत नेणाऱ्या जुन्या संगणकीय मॉडेलमधलं, आणि वाढ कमी करणारे घटक एकमेकांना गुणलेले. ३०० वर्षं चालवलं की एकच जात उरते. वाढीचा वेग बदलला तर दुसरी जात जिंकते, पण चारही एकत्र कधीच टिकत नाहीत. मग पॅरामीटरच्या, म्हणजे मॉडेलमध्ये आपण भरतो त्या आकड्यांच्या, बरोबर किमती कुठे मिळतील, असं तुम्ही विचारलंय.

सगळ्यात आधी, वाढीच्या वेगाला आत्ता हात लावू नका. मी याच प्रकारच्या मॉडेलांवर काम करतो आणि हा घोळ अनेकांच्या पहिल्या मॉडेलमध्ये पाहिलाय. जो आकडा हलवायला सोपा, तोच सगळे हलवत बसतात. पण जाती एकत्र राहतात त्या झाडं कशी मरतात, त्यातून प्रकाश कुठे पडतो आणि तिथे काय उगवतं यावर. तुमच्या चारही जातींचे वेग अगदी अचूक असले तरी बाकीची मांडणी चुकली असेल तर शेवटी एकच जात उरणार.

तुम्ही लिहिलंय की प्रकाश पूर्ण हेक्टरसाठी एकदाच काढता. माझ्या मते मूळ दुखणं इथेच आहे. बॉटकिन, जानक आणि वॉलिस यांनी १९७२ मध्ये जाबोवा मांडलं तेव्हा त्यांच्या मॉडेलमधला जमिनीचा तुकडा १० बाय १० मीटरचा होता. तो लहान ठेवण्यामागे कारण आहे. मोठ्या झाडाचं छत्र १० मीटर रुंद धरलं तर ते साधारण ७८ चौरस मीटर जागा झाकतं. असं झाड १०० चौरस मीटरच्या तुकड्यात पडलं की जवळजवळ पूर्ण तुकडा उघडा होतो, जमिनीवर ऊन येतं आणि उन्हाळू, म्हणजे भरपूर ऊन लागणाऱ्या, जातीच्या रोपांना संधी मिळते. तेच झाड एका हेक्टरच्या सरासरीत पडलं तर एक टक्काही फरक पडत नाही. म्हणजे तुमच्या जंगलात झाडं पडतात, पण मोकळी जागा कधी तयारच होत नाही. सावलीत तग धरणारी जात हळूहळू सगळं व्यापणारच. हेक्टरचे शंभर तुकडे करा, प्रत्येकात प्रकाश वेगळा काढा, आणि मगच पॅरामीटरकडे वळा. तुकडा किती मोठा असावा याचं उत्तर तुमच्या सर्वांत मोठ्या झाडाच्या छत्राएवढा, किंवा थोडा मोठा. काही मॉडेलं २० बाय २० मीटर घेतात, तेही चालतं.

आता प्रकाश. पानांच्या थरातून ऊन किती खाली उतरतं हे बहुतेक जण बीअर-लॅम्बर्टच्या सूत्राने काढतात. त्यातला क्षय गुणांक, म्हणजे पानं प्रकाश किती अडवतात त्याचा आकडा, सहसा ०.४ ते ०.६ असतो आणि लोक डोळे मिटून ०.५ टाकतात. जमिनीच्या एका चौरस मीटरवर पाच चौरस मीटर पानं आहेत असं धरा. गुणांक ०.५ असेल तर जमिनीवर ८ टक्के प्रकाश पोचतो, ०.४ असेल तर साडेतेरा टक्के. मूळ जाबोवामध्ये सावली सोसणाऱ्या जातींची वाढ ५ टक्के प्रकाशाखाली थांबते, उन्हाळू जातींची ८ टक्क्यांखाली. म्हणजे या एका गुणांकात ०.१ चा फरक केला की उन्हाळू जातीची रोपं कायमची उपाशी राहणार की रखडत का होईना जगणार, हे ठरतं. जातीनुसार पानांच्या घनतेची मापं मिळत असतील तर ती घ्या. नसतील तर हा गुणांक कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे निकाल प्रत्यक्ष मोजणीशी जुळेपर्यंत हलवायला, मोकळा ठेवा. मी मोकळे ठेवतो त्या मोजक्या पॅरामीटरांपैकी हा एक आहे.

पॅरामीटर एकमेकांत किती गुंतलेले असतात ते एका उदाहरणात दाखवतो. एका जातीचा खोडाचा कमाल व्यास १०० सेंटिमीटर, कमाल उंची ३० मीटर, आणि वाढीचा गुणांक १५० घ्या. जाबोवाच्या समीकरणात हे घातलं की भरपूर उन्हात ३० सेंटिमीटर व्यासाचं झाड वर्षाला सुमारे ०.८६ सेंटिमीटर जाड होतं आणि त्या वेळी त्याची उंची सुमारे १६ मीटर असते. ६० सेंटिमीटरला वाढ ०.६९ वर येते, ९० ला ०.२३ वर. हे पटण्यासारखं आहे. आता बाकी काही न बदलता फक्त कमाल व्यास २०० करा, कारण कुठेतरी त्या जातीचं तेवढं मोठं झाड नोंदलेलं सापडलं. तेच ३० सेंटिमीटरचं झाड आता वर्षाला १.६५ सेंटिमीटर जाड होतं, जवळपास दुप्पट. आणि त्याची उंची १६ वरून ९ मीटरच्या आसपास येते, म्हणजे आता ते शेजाऱ्यांच्या सावलीत जाणार. वाढीच्या गुणांकाला हात न लावता वाढही बदलली आणि प्रकाशाच्या शर्यतीतली जागाही.

म्हणून कमाल व्यासासाठी विक्रमी झाड घेऊ नका. ज्या प्रकारच्या जंगलाचं सिम्युलेशन करताय तिथल्या मोजणीत वरच्या टोकाची जी झाडं दिसतात, त्यांच्यावरून तो ठरवा. उंची आणि व्यास दोन्ही मोजलेली थोडी झाडं असतील तर मॉडेलचा उंची-व्यासाचा वक्र त्यांच्यातून जातोय का ते आधी कागदावर तपासा. आणि एका जातीचे आकडे शक्यतो एकाच ठिकाणचे आणि एकाच मॉडेलसाठी काढलेले घ्या. वाढीचा गुणांक एका शोधनिबंधातून, कमाल व्यास दुसऱ्यातून, आयुष्य तिसऱ्यातून असं केलंत तर प्रत्येक आकडा सुटा बरोबर असूनही एकत्र निरर्थक ठरू शकतो.

मरतुकीवर सगळ्यात कमी मेहनत घेतली जाते आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण जंगलाचं रूप तिच्यावरच सर्वांत जास्त अवलंबून असतं. जाबोवात दोन प्रकार आहेत. पहिला, नेहमीची मरतूक: शंभरातली दोन झाडं कमाल वयापर्यंत पोचतील असं गृहीत धरून वर्षाचा दर ४ भागिले कमाल वय. ३०० वर्षं जगणाऱ्या जातीला हा दर १.३ टक्के येतो. दुसरा, ताणाची मरतूक: एखाद्या वर्षी व्यासाची वाढ ठरावीक किमान मर्यादेखाली गेली तर त्या झाडाला मरणाची शक्यता ०.३६८. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याचा अर्थ सोपा आहे: ताणात सलग दहा वर्षं काढली तर शंभरात एकच झाड वाचतं.

तुमच्याकडे प्रत्यक्ष मोजणी असेल तर दर तिच्यावरूनच काढा, पण भागाकार जपून करा. २० वर्षांत ४० टक्के झाडं मेली म्हणजे वर्षाला २ टक्के, असं होत नाही. उरलेली ०.६ ही संख्या २० वर्षांच्या गुणाकारातून आलेली असते, म्हणून तिचं विसावं मूळ काढून एकातून वजा करायचं. उत्तर येतं सुमारे २.५ टक्के. हा अर्धा टक्का ३०० वर्षं साचत गेला की जंगल ओळखू येत नाही. शिवाय लहान आणि मोठ्या झाडांना एकच दर लावू नका. पनामातल्या बॅरो कोलोराडो बेटावर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ५० हेक्टरवर एक सेंटिमीटरच्या पुढचं प्रत्येक खोड मोजलं जातंय. अशा मोजण्यांची किंमत हीच आहे की लहान खोडांचा हिशेब वेगळा मिळतो. दहा सेंटिमीटरच्या पुढचीच झाडं मोजलेली आकडेवारी वापरत असाल तर मॉडेलमध्येही झाड तिथूनच जन्माला घाला.

ताणाच्या मरतुकीशी जोडलेला एक छुपा सापळा आहे. वाढ कमी करणारे घटक तुम्ही एकमेकांना गुणताय. प्रकाश ०.७, तापमान ०.७, पाणी ०.७ असेल तर गुणाकार ०.३४ येतो. एकही घटक फारसा वाईट नसताना झाडाची वाढ एक तृतीयांशावर येते, दोन घटक आणखी जोडले की ती किमान मर्यादेखाली जाऊ शकते आणि झाडं पटापट मरू लागतात. मग माणूस वाढीचा गुणांक वाढवतो आणि चक्र पुन्हा सुरू होतं. मी सहसा पाणी आणि पोषण यातला जो घटक सगळ्यात कमी तोच धरतो आणि प्रकाशाला वेगळा गुणतो. घनमूळ किंवा तशी सरासरी घेणारीही मॉडेलं आहेत. कुठलंही घ्या, पण चारही जातींना आणि सगळ्या रनना तेच ठेवा.

तापमानाबद्दल एवढंच: जुन्या मॉडेलांत जातीच्या भौगोलिक सीमेवरून उलटा वाटी-वक्र काढत आणि उष्ण टोकाला वाढ शून्य करत. ती सीमा बहुतेकदा स्पर्धेने ठरलेली असते, उष्णतेने नव्हे. हळूहळू चढून वर सपाट होणारा वक्र जास्त भरवशाचा.

नव्या रोपांचे आकडे मिळणं सगळ्यात अवघड. बी किती पडतं, किती रुजतं, किती खाल्लं जातं यातलं बहुतेक कुणीच सलग मोजलेलं नसतं. म्हणून हे सगळं उभारायच्या फंदात सुरुवातीला पडू नका. दरवर्षी प्रत्येक तुकड्यात प्रत्येक जातीची कमाल किती रोपं येऊ शकतात एवढा एकच आकडा ठेवा आणि त्या वर्षीच्या प्रकाशाने त्याला गाळणी लावा. मात्र एक लक्षात ठेवा: बाहेरून सगळ्या जातींचं बी सतत येत राहतं असं धरलंत तर कुठलीच जात पूर्ण संपणार नाही, आणि ते तुमच्या मॉडेलचं यश समजू नका. एकदा बाहेरचं बी बंद करून रन घ्या. चारही जाती तरी टिकल्या, तर त्या मोकळ्या जागांमुळे टिकल्या असं म्हणता येईल.

रन घेताना सुरुवात उघड्या जमिनीपासून करा आणि पहिली काही शतकं निकालात धरू नका. झाड जगणं-मरणं नशिबावर सोडलंय म्हणून एका रनवरून काहीही ठरवू नका. तोच संच वेगवेगळ्या रँडम सीडने (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणाऱ्या संख्येने) निदान शंभर-दोनशे तुकड्यांवर चालवा आणि सरासरीबरोबर पसाराही पाहा. तुकडे एकमेकांवर सावली टाकत असतील तर कडेच्या झाडांसाठी डावी कड उजवीला आणि वरची खालच्या कडेला जोडून घ्या.

कॅलिब्रेशनला तीन-चारपेक्षा जास्त पॅरामीटर मोकळे ठेवू नका. एकूण बायोमास (झाडांचं एकूण वजन) जुळला म्हणून थांबूही नका, कारण तो आकडा अनेक चुकीच्या वाटांनी जुळतो. व्यासानुसार झाडांची संख्या पाहा: लहान खूप, मोठी कमी, असा उतरता वक्र मिश्र जंगलात यायला हवा. एकाच वयाचं दाट जंगल चालवून झाडांची संख्या आणि सरासरी व्यास यांचा आलेख दोन्ही अक्षांवर लॉगरिदम घेऊन काढा. वनशास्त्रज्ञ राइनिके यांनी १९३३ मध्ये दाखवलेला उतार वजा १.६०५ आहे. तुमचा उतार वजा १ च्या आसपास आला तर गर्दीतली मरतूक कमी पडतेय. ही तपासणी मी बायोमासच्या आधी करतो, आणि ज्या मोजणीवर कॅलिब्रेशन केलं ती पडताळणीला पुन्हा वापरत नाही.

आधी फक्त तुकड्यांचा बदल करून एक रन घ्या, पॅरामीटर जसेच्या तसे ठेवून. त्यानंतर, अंतिम निकाल म्हणून नव्हे तर फक्त तपासणीसाठी, प्रत्येक जातीची ५०, १५० आणि ३०० वर्षांनंतरची व्यासानुसार संख्या इथे टाकलीत तर मरतूक कुठे कमी-जास्त पडतेय ते सांगता येईल.