गौरीचे जेवण, गुळाची पुरणपोळी आणि सासऱ्यांची सकाळची गोळी

ताई, आपल्या सासऱ्यांना मधुमेह आहे, सकाळी गोळी चालू आहे, आणि गौरीपूजनाच्या दिवशी साखरेऐवजी गुळाचे पुरण केले तर त्यांना दोन पोळ्या वाढाव्यात का, असे आपण विचारले आहे. मी स्वतः चौदा वर्षे मधुमेही आहे आणि आमच्या सांगलीच्या घरी गौरी येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

गुळाने फरक पडत नाही. सांगलीच्या बाजारात वाढलेल्या माणसांना हे ऐकायला आवडत नाही, पण गूळ उसाच्याच रसाचा असतो, त्यात मुख्यतः साखरच असते आणि रक्तातली साखर तो जवळपास तितकीच वाढवतो. किलोभर हरभरा डाळीला किलोभर गूळ घालून पस्तीस पोळ्या झाल्या, तर एकेका पोळीत 28 ग्रॅमच्या आसपास गूळ जातो, आणि वरच्या कणकेचा हिशेब निराळाच. मी गूळ डाळीच्या पाऊणपट घेते, जायफळ-वेलची थोडी सढळ घालते; चवीची तक्रार अजून कोणी केलेली नाही.

मात्र मला पोळीहून जास्त काळजी त्या सकाळच्या गोळीची वाटते. काही वर्षांपूर्वी मी नेहमीप्रमाणे साडेआठला ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेतली आणि नैवेद्याआधी खायचे नाही म्हणून न्याहारी टाळली. नैवेद्याला दीड वाजला. पुरणयंत्र फिरवता फिरवता हात थरथरू लागले, कपाळावर गार घाम आला; मुलीने ग्लुकोमीटरवर रक्तातली साखर तपासली तर ती 58, म्हणजे फारच कमी होती. तिने लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले आणि साखर 70 च्या वर गेल्यावर मला जेवायला बसवले. ही गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिले की असे होऊ शकते. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या दुसऱ्या गोळीने, ती एकटीच घेतली तर, सहसा होत नाही. म्हणून सासऱ्यांच्या गोळीचे नाव आधी पाहून घ्या आणि त्या दिवशी ती कधी व किती घ्यायची हे त्यांच्या डॉक्टरांना आताच विचारून ठेवा. आमच्याकडे आता सकाळीच दूधसाखरेचा नैवेद्य दाखवतात आणि मला न्याहारी करू देतात. घरातल्या मोठ्यांनीच हा मार्ग सुचवला, याचे मला फार समाधान वाटले.

जेवणाविषयी सांगायचे तर, गौरीच्या पानात मधुमेही माणसाला उपयोगी पडणारे पदार्थ पुष्कळ असतात: सोळा भाज्यांची मिसळीची भाजी, काकडीची कोशिंबीर, मटकीची उसळ. ते आधी पोटात गेले आणि पोळी मागाहून खाल्ली, तर साखर कमी उसळते. एका वर्षी मी कटाची आमटी-भात आणि दोन पोळ्यांनी सुरुवात केली, तेव्हा दोन तासांनी साखर 241 आली. पुढच्या वर्षी आधी कोशिंबीर, भाजी आणि उसळ, नंतर एकच पोळी, भात अजिबात नाही आणि जेवणानंतर पंधरा मिनिटे अंगणात फेऱ्या, असे केले, तेव्हा ती 168 आली. सर्वसाधारणपणे जेवणानंतरची साखर 180 च्या आत असावी असे सांगतात, मात्र वय झालेल्यांसाठी डॉक्टर हा आकडा वेगळा ठरवू शकतात. कटाची आमटी वाटीत घेऊन भाताशिवाय प्यायला द्या. तिच्यातही गूळ असतो, म्हणून एक वाटी पुरे. कुरडई गव्हाच्या चिकाची, म्हणजे निव्वळ पिठूळ पदार्थ आहे. एखादा तुकडा ठीक.

पोळीवर तूप एक चमचा चालेल. तूप घातले की गोड बाधत नाही, असे आपल्याकडे म्हणतात, पण त्या भरवशावर दुसरी पोळी वाढू नये.

राहता राहिला पंगतीतला आग्रह. वाढणाऱ्या व्यक्तीला आधीच बाजूला घेऊन सांगा, म्हणजे सासऱ्यांना चारचौघांत नको नको म्हणावे लागणार नाही. आमच्या जाऊबाई माझ्या पानात अर्धी पोळी वाढतात, मी मागितली तरच उरलेली अर्धी देतात, नाहीतर ती झाकून ठेवतात, कारण दुसऱ्या दिवशीची मुरलेली पुरणपोळी मला ताजीपेक्षा जास्त आवडते हे त्यांना ठाऊक आहे.