लग्नाचा ४के व्हिडिओ मोबाईलसाठी बदलायला कोणतं फुकट सॉफ्टवेअर घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: फोटोग्राफरने पेनड्राइव्हवर दिलेला चार तासांचा लग्नाचा ४के व्हिडिओ आईच्या जुन्या स्मार्टफोनवर आवाज देतो पण पडदा काळा राहतो, आणि वडिलांच्या कीपॅड फोनवर उघडतच नाही. लॅपटॉप साधा आहे आणि खानापूर भागात पावसात करंट सारखा जातो.

हँडब्रेक घ्या. ते पूर्ण फुकट आणि मुक्त स्रोत आहे, व्हिडिओवर शिक्का उमटवत नाही आणि कामाची मर्यादाही घालत नाही. ‘फ्री व्हिडिओ कन्व्हर्टर’ म्हणून शोधलं की जे वर येतं, त्यातलं बरंच चाचणीपुरतं फुकट असतं. तासभर लॅपटॉप तापवून झाल्यावर कळतं की अर्धाच व्हिडिओ निघालाय किंवा नवरा-नवरीच्या तोंडावर कंपनीचं नाव आलंय. हँडब्रेक मात्र फक्त हँडब्रेक डॉट एफआर या मूळ साइटवरूनच उतरवा. २०१७ च्या मे महिन्यात त्यांच्या एका डाउनलोड सर्व्हरवर मॅकसाठीची व्हायरस घातलेली फाइल काही दिवस होती, म्हणून साइटवर दिलेला चेकसम (फाइल मूळचीच आहे का ते तपासायचा आकडा) जुळवून बघणं वाया जात नाही. विंडोज १० किंवा ११, ६४-बिट लागतं. मायक्रोसॉफ्टचा डॉटनेट डेस्कटॉप रनटाइम (हँडब्रेक चालायला लागणारं जोड-सॉफ्टवेअर) नसेल तर तेही बसवावं लागेल.

बदलण्याआधी व्हिडिओत काय आहे ते बघा. व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये व्हिडिओ लावून कंट्रोल आणि जे दाबा, कोडेकची (चित्र आणि आवाज दाबून साठवण्याच्या पद्धतीची) माहिती दिसते. आवाज येतो आणि चित्र काळं, यामागे बहुतेक वेळा एच.२६५ ही नवी पद्धत किंवा १०-बिट (रंगांचा जास्त तपशील असलेलं) चित्र असतं. जुन्या फोनच्या चिपला ते उलगडता येत नाही. आवाज एएसी या सर्रास चालणाऱ्या पद्धतीत असतो म्हणून तेवढा चालतो. पण तिथे एच.२६४ (जुनी, बहुतेक फोनवर चालणारी पद्धत) आणि एएसी दिसलं, आकारही १०८०पी किंवा कमी असला आणि फाइल नुसती एमकेव्ही प्रकारची असली, तर पुन्हा एन्कोड करूच नका, म्हणजे चित्र नव्याने दाबून साठवू नका. अ‍ॅव्हिडीमक्स या फुकट सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्हीला ‘कॉपी’ ठेवून खाली एमपी४ मक्सर निवडा आणि सेव्ह करा. काही मिनिटांत काम होतं आणि चित्राचा दर्जा जसाच्या तसा राहतो.

तुमच्या ४के फाइलला मात्र एन्कोड करावंच लागेल. आईच्या फोनसाठी हँडब्रेकमध्ये ‘फास्ट ७२०पी३०’ हा प्रीसेट (तयार सेटिंगचा संच) घ्या. व्हिडिओ टॅबमध्ये एन्कोडर ‘एच.२६४ (एक्स२६४)’ हवा. त्याच यादीत १०-बिटचाही पर्याय आहे, तो चुकून लागला तर पुन्हा काळा पडदा. क्वालिटीला आरएफ (दर्जाचा आकडा) २२ ठेवा. आकडा कमी केला की दर्जा आणि फाइल दोन्ही वाढतात. फ्रेमरेटला (सेकंदाला किती चित्रं) ‘कॉन्स्टंट’ निवडा. फोनवर काढलेल्या तुकड्यांचा फ्रेमरेट बदलता असतो आणि तो तसाच राहिला, तर काही फोनवर मंगलाष्टकं पुढे जातात आणि ओठ मागे राहतात. ऑडिओ एएसी, स्टीरिओ, बिटरेट (सेकंदाला किती डेटा) १२८ केबीपीएस. फाइल लहान होते म्हणून एच.२६५ घेण्याचा मोह आवरा.

आता करंटचं. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका साधारणपणे शेवटी लिहिली जाते. काम ९५ टक्क्यांवर असताना लॅपटॉप बंद पडला तर ती फाइल कुठेच उघडत नाही. म्हणून चार तास एका दमात करू नका. हँडब्रेकमध्ये वर ‘रेंज’ आहे, तिथे ‘सेकंड्स’ निवडून सुरुवात आणि शेवट देता येतो. हळद, अक्षता, जेवणावळ, वरात असे वेगळे तुकडे करा आणि एकेक रांगेत घाला. एखादा तुकडा गेला तर तेवढाच पुन्हा करायचा. घरच्यांनाही हवा तो भाग लगेच सापडतो. शिवाय फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या मेमरी कार्डावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, कार्ड रिकामं असलं तरी; ती अडचणही सुटते. साध्या लॅपटॉपवर ४के बदलायला व्हिडिओच्या लांबीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. इंटेलचा क्यूएसव्ही एन्कोडर (चिपमधल्या वेगळ्या भागावर चालणारा) यादीत दिसत असेल तर काम लवकर उरकतं, पण तेवढ्याच दर्जाला फाइल मोठी होते.

सगळं रांगेत घालण्याआधी रेंजमध्ये ० ते ६० सेकंद देऊन एक नमुना काढा आणि तो त्याच फोनवर लावून बघा. लॅपटॉपवर चालला म्हणजे फोनवर चालेलच असं नाही.

कीपॅड फोनची गोष्ट वेगळी. जिओफोनसारखा असेल तर एच.२६४ चालतो, रुंदी ३२०, प्रोफाइल ‘बेसलाइन’, लेव्हल ३.० ठेवा. त्याहून साधा फोन असेल तर एन्कोडर ‘एमपीईजी-४’ निवडा, रुंदी ३२० द्या (उंची आपोआप १८० होईल), फ्रेमरेट १५, सरासरी बिटरेट ३०० केबीपीएस, आवाज मोनो ६४ केबीपीएस. याचा तासाला साधारण १६५ एमबी हिशेब पडतो, म्हणजे चार तास ७०० एमबीच्या आत. एवढ्या छोट्या पडद्यावर यापेक्षा जास्त बिटरेट दिला तर फोन अडखळतो आणि दिसण्यात फरक काही पडत नाही.

काही स्वस्त फोन फक्त ३जीपी (जुन्या फोनचा फाइल प्रकार) घेतात आणि हँडब्रेक ३जीपी काढत नाही. तिथे एफएफएमपेग हे कमांड लिहून चालवायचं फुकट सॉफ्टवेअर लागतं. त्यात एच.२६३ या जुन्या चित्र-पद्धतीला ठरावीकच आकार चालतात, जसे १२८×९६, १७६×१४४, ३५२×२८८. ३२०×२४० दिलंत की लगेच एरर येते, १७६×१४४ द्या. आवाज एएमआर-एनबी या जुन्या फोनच्या पद्धतीत हवा असेल तर तो मोनो आणि ८००० हर्ट्झच असावा लागतो.

पाहुण्यांसाठी कन्नड किंवा मराठी सबटायटल घालायची असतील तर एसआरटी (सबटायटलची मजकूर फाइल) यूटीएफ-८ या युनिकोड प्रकारात सेव्ह करा आणि हँडब्रेकच्या सबटायटल टॅबमध्ये ‘बर्न इन’वर (अक्षरं चित्रावरच कायमची उमटवणं) खूण करा, कारण कीपॅड फोन वेगळी सबटायटल दाखवत नाहीत. इथल्या डीटीपीवाल्यांकडून मजकूर टाइप करून घेताना श्रीलिपी किंवा कन्नडच्या जुन्या नुडी फॉन्टमध्ये नको, युनिकोडमध्ये द्या, असं आधीच सांगा. त्या जुन्या फॉन्टमधला मजकूर व्हिडिओवर निरर्थक इंग्रजी अक्षरं होऊन उमटतो, आणि एकदा बर्न झाला की पुसता येत नाही. तो तुकडा मूळ फाइलवरूनच पुन्हा करावा लागतो.