एक पाय टोरांटोत, एक नागोयात

मागच्या अंकात परदेशी राहणाऱ्या मुलांच्या आईवडलांवर लिहिलं आणि पत्रांचा पाऊसच पडला, त्यात कॅनडा आणि जपान ही दोन नावं इतक्यांदा आली की या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकलंय. मी नवऱ्याच्या नोकरीपायी नागोयाजवळ राहून आलेय, आणि नणंद आधी टोरांटोत होती आता कॅलगरीत असते, तिच्याकडे जाणंयेणं चालू असतं, त्यामुळे उत्तरं थोडी अनुभवाची थोडी तिच्याकडून ऐकलेली आहेत. पत्रं लांब होती, कापलीयेत, रागावू नका.

ताई, आमची थोरली टोरांटोजवळ आणि धाकटा नागोयाला. यंदा दोन्हीकडे जायचं म्हणतोय. दोघंही फोनवर सांगतात की इथली माणसं फार पोलाइट, मग दोन्हीकडे सारखंच का? आमच्या हातून भलतंसलतं काही होऊ नये म्हणून विचारतेय, ह्यांना मोठ्याने बोलायची सवय आहे. (एक आई, कर्वेनगर)

काकू, पोलाइट दोन्हीकडचे आहेत पण जातकुळी वेगळी. कॅनडातला माणूस समोर जो असेल त्याच्याशी चांगला वागतो. तुम्ही दहा पावलं लांब असलात तरी दार धरून उभा राहील, बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणेल, लिफ्टमधे हवापाण्याच्या गप्पा मारेल, आणि धक्का तुमचा लागला तरी सॉरी तोच म्हणेल. ओंटारिओत, म्हणजे टोरांटो ज्यात येतं त्या प्रांतात, तर २००९ साली कायदाच केलाय की कुणी सॉरी म्हटलं म्हणून त्याने चूक कबूल केली असं कोर्टाने धरायचं नाही, म्हणजे लोकांनी केस होईल या भीतीने माफी मागायचं सोडू नये. जपानी माणूस लिफ्टमधे तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही. त्याच्या डोक्यात जो समोर नाहीये तो असतो, म्हणजे आपल्यानंतर ही जागा वापरणारा, भिंतीपलीकडचा शेजारी, ट्रेनमधे झोपलेला कुणीतरी. मला विचाराल तर सगळा फरक इथे आहे, बाकीचं यातूनच येतं.

आता कचऱ्याचंच घ्या. नागोयात तुमच्या मुलाच्या फ्रिजवर एक कॅलेंडर लावलेलं दिसेल, कुठल्या वारी जळणारा कचरा, कुठल्या वारी प्लॅस्टिक, कधी न जळणारा. पिशवी महापालिकेने ठरवलेली, आतलं दिसेल अशी, आणि सकाळी आठच्या आत नेऊन ठेवायची, वर कावळ्यांसाठी जाळी अंथरायची आणि तिच्या कडा नीट खोचायच्या, कारण जपानी कावळा हा आपल्या कावळ्यापेक्षा दीडपट मोठा आणि भलताच हुशार. चुकीचं काही आत गेलं तर गाडी बाकी सगळं उचलते आणि तुमची पिशवी तिथेच ठेवते, वर स्टिकर लावून, की हे का नेलं नाही. कुणी भांडायला येत नाही. पिशवी दिवसभर तिथे बसून राहते आणि अख्ख्या गल्लीला दिसते, काकू, त्यापेक्षा भांडण परवडलं. आणि हे काही जपान्यांच्या रक्तात वगैरे नाही हं, आपल्याकडे असं बोलायची फॅशन आहे. नागोयाला कचरा टाकायला जागा उरली नव्हती, फुजिमाए नावाच्या खाडीकाठच्या चिखलाच्या मैदानात भराव घालायचा बेत होता, पण तिथे स्थलांतर करणारे पक्षी उतरतात म्हणून तो सोडावा लागला आणि १९९९ साली शहराने चक्क कचरा आणीबाणी जाहीर केली. त्यानंतर लोक वेगवेगळ्या पिशव्या करायला शिकले.

टोरांटोत कावळ्यांच्या जागी रकून, म्हणजे झुपकेदार शेपटीचा, कचरा उपसणारा एक प्राणी. महापालिकेने २०१६ पासून ओल्या कचऱ्याचे हिरवे डबे खास रकूनला उघडता येऊ नयेत अशा कडीचे दिले, तरी काही रकून शिकलेच. तिथे प्रत्येकाचे डबे आपापल्या दारात, त्यामुळे तुमच्या डब्यात काय आहे याच्याशी शेजाऱ्याला घेणंदेणं नसतं.

काकांच्या आवाजाचं: जपानमधे ट्रेनमधे फोनवर बोलायचं नाही, अजिबात नाही, हळूसुद्धा नाही, फोन सायलेंटवर. आपसात बोललं तर चालतं पण दबक्या आवाजात. टोरांटोच्या गो ट्रेनमधे गर्दीच्या वेळी वरचा मजला क्वाएट झोन असतो, म्हणजे काकांना खाली बसवा आणि होऊ दे काय व्हायचं ते.

चपला दोन्हीकडे दारातच काढायच्या. अमेरिकन सिनेमे बघून आपल्याला वाटतं की सगळे गोरे बूट घालून पलंगावर चढतात, पण कॅनडात बर्फ आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ घरात येतं म्हणून दाराशी ट्रे असतो, बूट त्यात. जपानमधे काढलेल्या चपलांची तोंडं दाराकडे फिरवून ठेवा, घरातल्या स्लिपर तातामीवर, म्हणजे गवती चटयांच्या खोलीत, घालायच्या नाहीत, आणि संडासाच्या स्लिपर वेगळ्या असतात त्या पायात घालून काका हॉलमधे येणार हे मी आत्ताच लिहून देते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आंघोळ. जपानी घरात टबाबाहेर बसून साबण लावून स्वच्छ आंघोळ करायची, मग टबात नुसतं शेकत बसायचं, आणि तेच पाणी पुढचा माणूस वापरणार असतो. पाहुण्याला पहिला मान देतात. आपण बाहेर येताना सवयीने बूच ओढतो, तसं कुणाच्या घरी करू नका, सगळ्यांची आंघोळ वाहून जाईल.

व्हिसाचं मुलांनी सांगितलंच असेल तरी, जपानला फार तर ९० दिवस राहता येतं, कॅनडाच्या सुपर व्हिसावर, म्हणजे तिथे राहणाऱ्यांच्या आईवडलांसाठीच्या व्हिसावर, एका वेळी पाच वर्षांपर्यंत, पण त्यासाठी निदान एक लाख डॉलरचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. जपानला सक्ती नसली तरी इन्शुरन्स काढाच.

मुलगा इंटर्नशिपला ओसाकाला चाललाय आणि भाचा शिकायला व्हँकुव्हरला. दोघंही शाकाहारी, अंडंही नाही. बहीण निर्धास्त आहे आणि मला झोप नाही. (वारज्याहून)

बहिणीचं बरोबर आहे आणि तुमचंही. व्हँकुव्हरच्या शेजारचं सरी नावाचं शहर म्हणजे पंजाबच, पनीरपासून मेथीपर्यंत सगळं मिळतं, पाकिटावर काय आहे ते इंग्रजीत वाचता येतं, हॉटेलात व्हेज म्हटलं की कळतं. फक्त पूतीन नावाचा तो फ्रेंच फ्राइज, चीज आणि ग्रेव्हीचा प्रकार विचारून खायला सांगा, ग्रेव्ही मटणाबिटणाच्या स्टॉकची असते.

जपानमधे अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. दाशी म्हणजे सुकवलेल्या कात्सुओ माशाचं आणि समुद्री शेवाळाचं पाणी, ते मिसो सूपमधे असतं, सोबा नूडल्स बुडवायच्या सॉसमधे असतं, भाजीत असतं, वांग्यातही असतं. वेटरला विचारलं तर तो प्रामाणिकपणे म्हणेल की यात मासा नाही, कारण तुकडा नाहीये ना, मग त्याच्या हिशेबाने मासा कुठेय. त्यामुळे मुलाला "मासे खात नाही" एवढं म्हणून भागणार नाही, दाशी चालत नाही असं जपानीत लिहिलेलं कार्ड खिशात ठेवायला सांगा. साधा भात, तोफू, एदामामे म्हणजे सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ घातलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा वळलेला गोळा, यांवर पहिले दिवस निघतात, पण ओनिगिरीचं पाकीटही एकदा मोबाइलच्या कॅमेऱ्याने ट्रान्सलेट करून बघायचं. ब्रेडमधे कधीकधी डुकराची चरबी असते. पुढे स्वतः रांधणं हाच मार्ग, कुकर द्या बरोबर. तोक्योत निशी-कासाईला आपली बरीच माणसं आणि दुकानं आहेत, डाळी मसाले ऑनलाइन घरपोच येतात. देवळांमधलं शोजिन रयोरी नावाचं पूर्ण शाकाहारी जेवण असतं, अप्रतिम असतं, पण महाग, रोजचं नव्हे.

जाता जाता, ओंटारिओत दूध पिशवीतून येतं माहितीये का? एका मोठ्या पिशवीत तीन पिशव्या, मिळून चार लिटर, त्या एकेक करून प्लॅस्टिकच्या जगमधे उभ्या ठेवून कोपरा कापायचा. नणंदेकडे बघितलं तेव्हा मला पहाटे दारात चितळे आल्यासारखं वाटलं.

मी २७ वर्षांची, आयटीत. कंपनी तोक्यो किंवा टोरांटो असा चॉइस देतेय. जपानमधे मरेपर्यंत काम करतात आणि कॅनडात पाचला घरी, हे खरंय का? (बाणेर)

अगं, अर्धं खरं. कागदावर बघितलंस तर जपान वर आहे, सोळा सरकारी सुट्ट्या, सहा महिन्यांनी दहा दिवस भरपगारी रजा जी वाढत वाढत वीसपर्यंत जाते, आणि २०१९ पासून मोठ्या कंपन्यांना ओव्हरटाइमवर एरवी महिन्याला ४५ तासांची कायदेशीर मर्यादा. ओंटारिओत कायद्याने सुरुवातीला दोनच आठवडे रजा. पण जपानी लोक रजा घेत नाहीत, इतके घेत नाहीत की त्याच कायद्यात कंपनीने माणसाला वर्षाला निदान पाच दिवस तरी रजा घ्यायला लावलीच पाहिजे असं लिहावं लागलं. रजा घेतली तर माझं काम शेजारच्यावर पडेल, हा विचार. परत तेच बघ, समोर नसलेल्याचा. ओंटारिओत २०२१ मधे वेगळाच कायदा झाला, २५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने ऑफिस सुटल्यावर मेलला उत्तर देण्याबद्दलची पॉलिसी लिहून ठेवायची. लिहून ठेवायची, एवढंच.

मीटिंगचं सांगते. जपानमधे मीटिंगमधे कुणी काही बोलत नाही म्हणून आपण हुशारी दाखवायला तिथे नवा मुद्दा काढतो आणि शांतता पसरते. कारण सगळं आधीच ठरलेलं असतं, एकेकाला गाठून, आपल्या सोसायटीच्या एजीएमचा निकाल आदल्या रात्री पार्किंगमधे लागलेला असतो ना तसं. कॅनडात मीटिंगमधे सगळे बोलतात, सगळ्यांचं ऐकून घेतात, तुझ्या आयडियाला इंटरेस्टिंग म्हणतात, आणि आठवड्याने तुला कळतं की ती तेव्हाच बाद झाली होती. दोघंही तोंडावर नाही म्हणत नाहीत. पुण्यात वाढलेल्या मुलीला हे सगळ्यात जड जाणार, आपल्याकडे दुकानदारसुद्धा नाही म्हणायला एक मिनिट घालवत नाही.

मी काय करीन? भाषा शिकायची खरोखर तयारी असेल तर तोक्यो, कारण जपानीशिवाय तिथे तू कायम पाहुणी राहशील. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा इथे पुण्यातच देता येते, क्लासेसही भरपूर. कायमचं राहायचं डोक्यात असेल तर टोरांटो, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाल्यावर पाच वर्षांत १,०९५ दिवस राहिलीस की नागरिकत्वाला अर्ज करता येतो, जपानमधे साध्या मार्गाने पीआरलाच दहा वर्षं जातात. हिवाळ्याला घाबरू नको, कॅनडात बाहेर उणे वीस असलं तरी घरात टीशर्टवर बसतात. जपानी घरं मात्र आतून गार, आम्ही पूर्ण थंडी कोतात्सूत, म्हणजे हीटर लावलेल्या बुटक्या टेबलाखाली, पाय घालून काढायचो आणि कुणी उठायचं यावरून भांडायचो.

कॅनडा सगळ्यांना सामावून घेतो आणि जपानी परक्याला जवळ करत नाहीत, असा सर्वसाधारण समज आहे. आपले मत? (एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ)

आजोबा, आकडे तुमच्या बाजूने आहेत. कॅनडाने १९७१ साली बहुसांस्कृतिकता हे सरकारी धोरण केलं आणि २०२१ च्या जनगणनेत २३ टक्के लोक बाहेर जन्मलेले होते, जपानमधे परदेशी नागरिक जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास. भाडेकरू परदेशी आहे म्हटल्यावर नकार देणारे घरमालक आम्हीही पाहिलेत, अगदी हसून, वाकून नकार.

पण कॅनडा काही पहिल्यापासून असा नव्हता. १९१४ साली कोमागाता मारू व्हँकुव्हरला पोचली, जहाज जपानी, आतले ३७६ प्रवासी आपले, बहुतेक शीख, त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना दोन महिने बंदरात अडकवून परत धाडलं. आणि १९४२ मधे कॅनडाने आपल्याच सुमारे २२,००० जपानी वंशाच्या लोकांना, त्यातले बरेच तिथेच जन्मलेले, किनाऱ्यावरून उचलून आत डोंगरांतल्या छावण्यांत टाकलं, त्यांची घरं, मासेमारीच्या बोटी विकून टाकल्या. माफी १९८८ ला मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला २१,००० डॉलर दिले. कोमागाता मारूची माफी यायला २०१६ उजाडलं. आणि उलट्या बाजूला, पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मधे तोक्योच्या एदोगावा वॉर्डातून निवडून आले, म्हणजे जपानी मतदारांनी मतं दिलीच ना. समज बाळगायला हरकत नाही, पण साल बघून बाळगावा.

टिप किती द्यायची? (औंध)

जपानमधे शून्य. टेबलावर पैसे ठेवलेत तर विसरलात समजून मागे पळत येतील. कॅनडात १५ ते २० टक्के, आणि किमतीवर टॅक्स वेगळा लागतो, ओंटारिओत १३ टक्के, त्यामुळे मेन्यूकार्डावर वीस डॉलरचं दिसलं की मनात सव्वीस-सत्तावीस धरा.

दोन्हीकडे मुलांसाठी इथूनच मिक्सर नेऊ का? (पुन्हा कर्वेनगरच्याच काकू)

नको. आपली वीज २३० व्होल्ट, कॅनडात १२०, जपानमधे १००, इथला मिक्सर तिथे नुसता घरघरेल. कॅनडात इंडियन स्टोअरमधे तिकडच्या व्होल्टेजचे मिक्सर मिळतात. पहिल्यांदा लेकीकडे जाणार असाल तर तिथूनच दुसराही घ्या आणि धाकट्याकडे न्या, १०० वर थोडा हळू फिरेल पण चटणी होते. फक्त पिन तीनची असेल तर दोन पिनांचा अडॅप्टर लागेल, तो नागोयात मिळतो.